ताराबाई पार्कात प्लॉटवर जुनी चिंच आहे, बिल्डरला देताना वाचवता येते का? आणि खोडाला भोकं पडलीत

चिंचवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, घाईत असाल तर शेवटचा पॅरा वाचा.

ताराबाई पार्कात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, कौलारू, १९६२ ला बांधलेलं. प्लॉट साधारण नऊ गुंठे, आता वडील आणि पुण्याचे काका अशा दोघांच्या नावावर. घर गळतंय, कौलं मिळत नाहीत, मिळाली तर चढवणारा माणूस मिळत नाही, म्हणून शेवटी डेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं. त्याबद्दल घरात वाद नाही. वाद आहे तो गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताला जी चिंच आहे तिच्यावरून.

पहिल्या मीटिंगला बिल्डर म्हणाला झाड ठेवू की साहेब, झाडाचीच जाहिरात करू. दुसऱ्या मीटिंगला नकाशा आणला तर चिंचेच्या जागी बेसमेंट पार्किंगचा रॅम्प, आणि पुढच्या रंगीत चित्रात चिंचेच्या जागी दोन पामची झाडं, गोव्याच्या हॉटेलात असतात तसली. वडिलांनी विचारलं चिंच कुठाय, तर म्हणे ते आम्ही बघतो, तुम्ही सह्यांचं बघा. करार अजून झालेला नाही, मसुदा वकिलाकडे आहे. पण माती परीक्षणासाठी म्हणून त्यांची माणसं दोनदा येऊन गेली, दुसऱ्या वेळी आम्ही घरी नव्हतो.

आता मेन विषय. रविवारी आई झाडत होती तर तिला बुंध्यापाशी बारीक भुसा दिसला. तिला वाटलं मुंग्यांचा असेल. वाकून बघितलं तर खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर भोकं, चिखलानं बुजवलेली. मी काडीनं एकातला चिखल काढला तर आत ओलं होतं आणि कसलातरी उग्र वास आला. आई तेव्हापासून नीट जेवलेली नाही. मी घाबरून हात धुतले आणि फोटो काढून ठेवलेत.

काकांना फोन केला तर ते म्हणतात घरची जागा, घरचं झाड, कोणाच्या बापाची परवानगी लागते. तर प्रश्न असे की खरंच परवानगी लागते का, लागत असेल तर ती कोण कशी देतं, झाड वाळलं तर जबाबदारी आमच्यावर येते का बिल्डरवर, आणि नकाशा बदलून घेता येतो का. अनुभव असलेल्यांनी सांगा, नुसतं वाईट वाटलं म्हणून हात जोडायची इमोजी टाकू नका प्लीज.

खटक्यावर_बोट

भावा काकांना म्हणावं घरची म्हैस पण भर रस्त्यात कापता येत नाही. परवानगी लागते, हंड्रेड परसेंट. बाकीचं शाणी माणसं सांगतील, मी वाचायला थांबलोय.

पण एक सांगतो, दुसऱ्या मीटिंगला आलेला नकाशा हाच खरा नकाशा असतोय, पहिल्या मीटिंगला नुसता चहा असतोय.

कागदवाला

काकांचा गैरसमज आधी दूर करतो, मग पुढचं.

कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. जागा खासगी असो नाहीतर सरकारी, झाड तुमच्या पणजोबांनी लावलेलं असो नाहीतर कावळ्यानं, तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पद्धत अशी की वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, त्यात झाड कोणतं, कुठे, का तोडायचं. मग तो स्वतः येऊन पाहणी करतो, पेपरात जाहीर नोटीस येते आणि झाडावरपण नोटीस लावायची असते, म्हणजे शेजारपाजारचे हरकत घेऊ शकतात. त्यानंतर निर्णय. आणि परवानगी मिळाली तरी दुसऱ्या दिवशी करवत लावता येत नाही, १५ दिवस थांबावं लागतं. आपल्याकडे किती जण थांबतात ते विचारू नका.

आता तुमच्या भोकांचा विषय. कायद्यात अशी तरतूद आहे की झाड मेलेलं असेल, रोगट असेल, पडायला आलेलं असेल, जिवाला-मालमत्तेला धोका असेल तर परवानगी नाकारायची नाही. तरतूद चांगल्या हेतूनं आहे, उद्या वाळकी फांदी कोणाच्या डोक्यात पडायला नको. पण ज्याला झाड नको असतं तो ह्याच दारानं आत येतो. हिरव्या झाडासाठी अर्ज केला तर नोटीस, हरकती, पेपरबाजी, आणि वाळक्या झाडासाठी अर्ज केला तर सगळे म्हणतात बरं झालं काढताय. म्हणून आधी वाळवायचं. हा धंदा जुना आहे, तुमच्याकडेच पहिल्यांदा होतोय असं नाही.

पण त्याच कायद्यात सुरुवातीलाच व्याख्या दिलेली आहे, झाड तोडणे म्हणजे नुसतं कापणे नाही, जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेपण त्यातच येतं. म्हणजे भोक पाडून औषध ओतणारा माणूस कायद्याच्या भाषेत झाड तोडतोयच, फक्त हळूहळू. पूर्वी दंड हजार ते पाच हजार होता, तेवढ्यात आजकाल कुळवाडीतला बोकड येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो झाडामागे एक लाखापर्यंत गेलाय.

जबाबदारीचं म्हणाल तर झाड वाळलं की पहिला प्रश्न ज्याचं नाव प्रॉपर्टी कार्डावर आहे त्याला विचारणार, म्हणजे तुमच्या वडिलांना. बिल्डर म्हणेल करारच झाला नव्हता, माझा काय संबंध. त्यामुळे आजच्या आज वडिलांच्या सहीनं वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या, आम्ही मालक आहोत, आमच्या झाडाला अज्ञात व्यक्तीनं इजा केलीय, पाहणी करावी. फोटो जोडा. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. अर्जात बिल्डरचं नाव घालू नका, बघितलेलं नाही तुम्ही. आणि सीसीटीव्ही समोरच्या बंगल्याचा असेल तर चहा प्यायला जा त्यांच्याकडे, रेकॉर्डिंग थोड्या दिवसांनी पुसलं जातं.

रोपवाटिकावाली_ताई

अहो थांबा थांबा, गुन्हा दाखल करायच्या आधी ती भोकं नीट बघा. चिंचेला खोडकिडापण लागतो आणि भुसा तोपण टाकतो. किड्याची भोकं वाटेल तिथे असतात, वर-खाली, लहान-मोठी, तोंडाशी भुश्याची लड लोंबते, कधी डिंकासारखं पाणी येतं. ड्रिलची भोकं एका मापाची, एका रेषेत, आणि बहुतेक वेळा खाली तिरकी, कारण ओतलेलं बाहेर येऊ नये. किडा काही भोकं चिखलानं बुजवत बसत नाही हे खरं, पण तरी बघा आणि टेप शेजारी धरून फोटो काढा.

आता हात लावताना ग्लोव्हज घाला. आत काय आहे माहीत नसताना काड्या घालू नका, वास घेऊ नका. त्या झाडाचा पाला-चिंचा यंदा खाऊ नका, शेजाऱ्यांनाही सांगा. विद्यापीठाच्या बॉटनी डिपार्टमेंटला किंवा कृषी महाविद्यालयात कोणाला तरी बोलवून दाखवा, त्यांचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर अर्जाला जोडता येतं.

आणखी एक, आत्ता पानगळीचे दिवस आहेत. पानं गळली म्हणजे मेलीच असं धरून रडू नका. चिंच चिवट असते, नवी पालवी कुठल्या फांद्यांना येते आणि कुठल्यांना येत नाही त्यावरून कळेल.

साईटवरचा

मी ह्याच लाईनीत आहे म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. भोकं पाडणाऱ्याचं समर्थन नाही, ते हलकट काम आहे. पण दुसरी बाजूपण ऐका की मर्दा. नऊ गुंठ्यात बिल्डिंग बसवायची, चारी बाजूला मार्जिन सोडायचं, पार्किंगचा हिशोब नियमाप्रमाणे जुळवायचा, मालकाला एवढे फ्लॅट, काकाला एवढे पैसे, आणि परत सगळे म्हणणार अमुक फूट कार्पेट पाहिजेच. मग रॅम्प कुठं काढायचा, हवेत? मालकच जास्तीत जास्त एरिया मागतो आणि मालकच म्हणतो आमची चिंच.

मोठ्या लेआउटला सोपं असतं. चार हजार चौरस मीटर किंवा त्यावर जमीन असेल तर १० टक्के खुली जागा सोडायलाच लागते, त्यात झाडं घेता येतात. छोट्या प्लॉटला ती सोय नाही, झाड येतं ते थेट मार्जिनमध्ये नाहीतर बिल्डिंगच्या पोटात. माझ्या एका साईटवर आम्ही आंबा ठेवला होता, कौतुकानं कट्टापण बांधला, पेव्हर घातले, गणपतीला लायटिंग केली. पझेशननंतर तिसऱ्या वर्षी आंबा गेला. कोणी औषध घातलं नव्हतं, देवाशपथ. अजून कळलं नाही का गेला.

रोपवाटिकावाली_ताई

@साईटवरचा दादा, कट्टा बांधून मेला तो. रागावू नका, सांगते.

लोकांना वाटतं मुळं म्हणजे गाजरासारखी सरळ खाली गेलेली. पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्यांना हवा लागते. तुम्ही बुंध्याभोवती दोन फूट भराव टाकून कट्टा केला म्हणजे त्यांचं नाक दाबलं. वर पेव्हर आणि सिमेंट, म्हणजे पाणी बंद. एका बाजूला बेसमेंट खणताना जेसीबीनं मुळं तोडली असणार ती वेगळीच. झाड लगेच मरत नाही, साठवलेल्यावर दोन-चार वर्षं काढतं, तोपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं असतं आणि तुम्ही पुढच्या साईटवर. किंवा वळवाच्या पहिल्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं आणि सगळे म्हणतात झाड जुनं होतं. दिल्लीत झाडांच्या बुंध्याला सिमेंट लावलेलं होतं तेव्हा हरित लवादानं २०१३ मध्ये एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, ते ह्याच कारणानं.

साईटवरचा

च्यायला. कट्ट्याला चाळीस हजार घातले होते.

स्केलपट्टी

आर्किटेक्ट आहे, कोल्हापुरातच काम करते. @चिंचवाला तुमचा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलाय.

सगळ्यांचं लक्ष झाड तोडायच्या परवानगीकडे असतं, पण झाड त्याच्या कितीतरी आधी मेलेलं असतं, कागदावर. नकाशावर रॅम्प आला, नकाशा मंजूर झाला, मग वृक्ष प्राधिकरणापुढे अर्ज जातो की मंजूर बांधकामात झाड आडवं येतंय. तिथे बसलेल्यांनीपण काय करायचं, एकीकडे मंजूर नकाशा आणि एकीकडे चिंच. त्यामुळे भांडायचं असेल तर आत्ता भांडा, करारावर सही नाही तोवर तुमच्या हातात पत्ते आहेत.

दोन गोष्टी करा. एक, साइट प्लॅनवर प्लॉटवरची सगळी झाडं मोजून दाखवायला लावा, जात, घेर, कुंपणापासूनचं अंतर. मी असे प्लॅन बघितलेत की ज्यात बारा झाडांचा प्लॉट कोरा करकरीत दाखवलेला, जणू काही वाळवंट. दोन, विकसन करारात चिंचेचं स्वतंत्र कलम घाला. अमुक ठिकाणचं झाड राखायचं, त्याच्याभोवती अमुक फुटांत खोदाई, भराव, माल साठवणं, काँक्रीट मिक्सर धुणं काहीही नाही (हे मिक्सर धुणं लोक विसरतात, सिमेंटचं पाणी मुळांत जातं), बांधकाम सुरू व्हायच्या आधी पत्र्याचं कुंपण, आणि पझेशननंतर तीन वर्षांत झाड गेलं तर अमुक रक्कम. रक्कम बोचेल अशी ठेवा, नाहीतर ती खर्चात धरली जाते.

रॅम्पचं म्हणाल तर नकाशा बघितल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही, पण डावीकडचा रॅम्प उजवीकडे नेणं म्हणजे काही आकाश पाताळ एक करायची गोष्ट नाही. एक-दोन पार्किंग जातील. झाडाचा घेर किती आहे? साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीला, टेपनं मोजा.

चिंचवाला

सगळ्यांचे आभार, मोजामापी करून आलो.

ताई, भोकं सहा आहेत. सहाच्या सहा पेन्सिल जाईल एवढी, जमिनीपासून टेप लावला तर सगळी अठरा ते वीस इंचांत, आणि सगळी खाली तिरकी. आमच्या घराकडच्या बाजूला एकही नाही, सगळी कंपाऊंडकडच्या बाजूला, म्हणजे व्हरांड्यातून दिसू नयेत अशी. किडा एवढा हुशार असेल तर त्याला बिल्डर करा.

घेर मोजताना मजा झाली. घरातला टेप कमी पडला म्हणून वडिलांनी आईचा शिवणकामाचा टेप आणि सुतळी आणली, एक टोक मी धरलं आणि ते झाडाला फेरी मारून आले, वटपौर्णिमेसारखं, आई हसली तेव्हा जरा. नऊ फूट दोन इंच भरला. समोरच्या कुंपणापासून झाड बारा फुटांवर, डाव्या कुंपणापासून दहा.

वयाचं काय धरायचं? वडील म्हणतात त्यांना कळायला लागल्यापासून आहे. एकानं सांगितलं एक इंच घेर म्हणजे एक वर्ष, तसं धरलं तर ११० होतात.

रोपवाटिकावाली_ताई

तो इंचाला वर्षाचा हिशोब विलायती पुस्तकातला, तिकडच्या झाडांवरून काढलेला. आपल्याकडे रेन ट्री बघा, तो असा फुगतो की तिशीतच आजोबा दिसतो. चिंच सावकाश वाढते पण ११० छातीठोकपणे लिहू नका. पन्नासच्या वर आहे एवढंच दाखवायचंय ना, त्याला कागद किंवा फोटो शोधा.

कागदवाला

बरोबर, ५० हाच आकडा महत्त्वाचा. २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. आणि भरपाईचा नियमपण बदलला, झाडाचं वय जेवढं तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे साठ वर्षांच्या चिंचेला साठ रोपं, तीपण वीतभर नाहीत, सहा ते आठ फुटांची, जिओ टॅग करून (म्हणजे प्रत्येक झाडाच्या जागेची नकाशावर नोंद), आणि सात वर्षं जगवून दाखवायची. नऊ गुंठ्यात बिल्डिंग बांधून साठ झाडं कुठं लावणार? हे गणित बिल्डरसमोर मांडा, शांतपणे, आवाज न चढवता. भावनेपेक्षा गणित लवकर कळतं त्यांना.

पाचगावकर

मधेच घुसतो, आमचं गाव हद्दीबाहेर आहे, आमच्याकडे हाच कायदा का? शेतातल्या घराजवळ जांभूळ आहे.

कागदवाला

@पाचगावकर तुमच्यासारख्या गावांत १९६४ चा झाडं तोडण्याच्या नियमनाचा कायदा बघावा लागतो. त्यात ठराविक जातींची यादी आहे, साग, चंदन, खैर, आंबा, फणस, हिरडा, मोह, चिंच वगैरे, जांभूळपण आहे. विकास प्राधिकरणात (वृक्ष प्राधिकरण नव्हे) गाव असेल तर बांधकाम परवानगीचं तिकडे वेगळं बघावं लागेल. वेगळा धागा काढा, इथं भेसळ नको.

ऑस्टिनकर_मूळचा_उजळाईवाडीचा

इकडे टेक्सासात ऑस्टिनला साइट डेव्हलपमेंटच्या कामात आहे, दहा वर्षं झाली, म्हणून राहवलं नाही. इकडचा नियम लागू नाही तुम्हाला हे माहीत आहे, पण मोजायची पद्धत उपयोगी पडेल.

इथे शहराचा नियम खोडाच्या व्यासावर चालतो, साडेचार फुटांवर मोजलेल्या. १९ इंच किंवा जास्त व्यास असेल तर ते संरक्षित झाड, स्वतःच्या घराच्या परसात असलं तरी. ओक, पेकान, एल्म अशा ठराविक जातींचं २४ इंच किंवा जास्त झालं की हेरिटेज, हा नियम २०१० चा. काढायचं असेल तर आधी सिद्ध करायचं की झाड ठेवून जागेचा वाजवी वापर होतच नाही. नुसतं मला रॅम्प सोयीचा पडतो म्हणून चालत नाही.

पण खरी गंमत मुळांच्या नियमात आहे. व्यास जेवढे इंच, तेवढे फूट त्रिज्येचं वर्तुळ खोडाभोवती काढायचं, तो मुळांचा संवेदनशील भाग. त्याच्या निम्म्या त्रिज्येच्या आत चार इंचांपेक्षा जास्त खोदाई किंवा भराव चालत नाही. पाव त्रिज्येच्या आत तर काहीच नाही. हे वर्तुळ नकाशावर काढल्याशिवाय फाईल पुढं सरकत नाही आणि जागेवर जाळीचं कुंपण घातल्याशिवाय जेसीबी आत येत नाही. पहिल्यांदा आलो तेव्हा मला हसू आलं होतं, झाडाला कंपाऊंड आणि इंजिनिअर बाहेर उन्हात.

तुमच्या चिंचेचा हिशोब करून बघितला. घेर ११० इंच, भागिले ३.१४, व्यास ३५ इंच. म्हणजे पूर्ण वर्तुळ ३५ फूट त्रिज्येचं, ते तुमच्या प्लॉटमध्ये बसणं कठीण. निम्मं साडेसतरा फूट, आणि पाव म्हणजे पावणेनऊ. रॅम्प तर झाडाच्याच जागी दाखवलाय म्हणजे तो पाव वर्तुळातच घुसतोय, इकडे असता तर टेबलावरच फाईल परत आली असती. निदान साडेसतरा फुटांत बेसमेंट नको एवढा आग्रह धरा.

इकडेही सगळं गोड नाही, शहरापेक्षा राज्य सरकारला हे नियम खुपतात, लोक पैसे भरून सुटतात, कुंपण रात्रीत सरकतं. माणसं सगळीकडे सारखीच.

खटक्यावर_बोट

अमेरिकेत झाडाला ३५ फूट आणि आमच्यात पाहुण्याला गाडी लावायला सहा फूट नाहीत, नाद खुळा.

साईटवरचा

साडेसतरा फूट लै होतंय भावा, प्लॉटचा कोपराच गेला. दहा-बारा म्हणा, कुणीतरी ऐकेल.

स्केलपट्टी

@साईटवरचा घासाघीस साडेसतरापासून सुरू करायची असते, दहापासून सुरू केली तर चारवर संपते, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

@चिंचवाला आणि कोणी म्हणालं की झाड मुळासकट उचलून दुसरीकडे लावू, पुनर्रोपण करू, तर लगेच हो म्हणू नका. वड, पिंपळ, उंबर उचलून लावले तर बऱ्यापैकी जगतात. एवढी जुनी चिंच उचलायची म्हणजे फांद्या छाटून नुसता खुंट उरतो आणि तो जगलाच तर नशीब. पुनर्रोपण केलं हा शब्द कागदावर छान दिसतो एवढंच.

कागदवाला

किंमतीचा मुद्दा कोणी काढला तर एक माहिती असू द्या. सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली होती, बंगालमधल्या रेल्वे पुलांच्या प्रकरणात, त्यात ऑक्सिजनचाच वाटा मोठा. आणि २०२५ ला मथुरा-वृंदावनकडे ४५४ झाडं बेकायदा तोडलेल्याला त्याच कोर्टानं झाडामागे एक लाख भरायला लावले. हे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण मीटिंगमध्ये सहज तोंडातून निघाले तर समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

चिंचवाला

तीन आठवड्यांनी येतोय, अपडेट देतो म्हणालो नव्हतो पण दोघातिघांनी मेसेज करून विचारलं.

अर्ज दिला, आवक नंबर घेतला. पाहणीला माणूस आला, त्यानं भोकं बघितली, पंचनामा केला, वडिलांची सही घेतली. कोणी केलं ते सिद्ध होणार नाही, समोरच्या बंगल्याचा कॅमेरा गेटपर्यंतच दिसतो. पण पंचनाम्याची प्रत बिल्डरच्या टेबलावर ठेवल्यावर त्याच्या बोलण्यात एकदम साहेबऐवजी काका आलं. माझ्या माणसांचं काम नाही म्हणाला, असेलही, आम्ही वाद घातला नाही.

वयाचा पुरावा आईनं शोधला. आत्याच्या लग्नाचा फोटो, मागे १९७१ लिहिलेलं, आजोबा फेटा बांधून गेटपाशी उभे आणि मागे चिंच कौलांच्या वर गेलेली. फोटो स्कॅन करून काकांना पाठवला. काकांनी दोन दिवस काही उत्तर दिलं नाही, मग फोन करून विचारलं की त्या फांदीला आमचा झोका होता ती फांदी अजून आहे का. आहे. आता ते म्हणतात झाड ठेवा पण माझे पैसे कमी व्हायला नकोत, म्हणजे अर्धी लढाई जिंकली असं धरतो.

नकाशा बदलला. रॅम्प उजवीकडे गेला, बेसमेंट त्या कोपऱ्यात मागे घेतलं, साडेसतरा मागितले, चौदा फुटांवर तुटलं. भराव नाही, पेव्हर नाही, पत्र्याचं कुंपण, आणि कलम मसुद्यात आलंय. दोन पार्किंग गेली. एक कोणाचं जाणार त्यावर तासभर चर्चा झाली, शेवटी वडील म्हणाले माझं घ्या, माझी लुना तशीपण चिंचेखालीच असते. दुसरं बिल्डरनं सोडलं, सहीच्या वेळी परत काढेल असं वाटतंय.

झाडाचं सांगायचं तर रस्त्याकडच्या आणि घराकडच्या फांद्यांना पोपटी पालवी आलीय. कंपाऊंडकडच्या दोन मोठ्या फांद्या अजून कोऱ्या आहेत. खालून पाणी चालू ठेवलंय, रोज संध्याकाळी आई पाइप धरून उभी असते. पंधरा दिवसांनी त्या दोन फांद्यांचा फोटो टाकतो, बघून सांगा ताई.